थरावर थर : नव्या उत्पादनविद्येचे विद्यापीठीय शिक्षण

वेरूळचे कैलास लेणे डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरीत आणलेले आहे. नको असलेला दगड काढून टाकल्यावर जे उरले, ते मंदिर. पेणच्या कारखान्यांत गणेशमूर्ती घडते ती निराळ्या रीतीने. तेथे द्रव्य साच्यात भरले जाते आणि साच्याचा आकार ते धारण करते. तिसरी रीत घराच्या कोपऱ्यात कुंभारीण माशी दाखविते. चिखलाची एकेक गोळी आणून ती आपले घरटे रचीत जाते. तिला काही तासून टाकावे लागत नाही आणि साचाही लागत नाही. माणसाच्या वस्तुनिर्मितीच्या बहुतेक रीती या तीन वर्गांत बसतात : काढून घडविणे, साच्यात घडविणे आणि भर घालून घडविणे. लेथ, ड्रिल व मिलिंग ही यंत्रे पहिल्या वर्गातील होत. ओतकाम दुसऱ्या वर्गातील. तिसरा वर्ग मात्र दीर्घकाळ भिंतीचे बांधकाम आणि कुंभाराचा रांजण अशा कामांपुरताच राहिला. कारखान्यातील अचूक यंत्रभागही भर घालीत घालीत तयार करता येतील, ही कल्पना प्रत्यक्षात आली ती गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत. तिला 'ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग' असे नाव असून व्यवहारात 'थ्रीडी प्रिंटिंग' हा शब्द रूढ झाला आहे.

आज ही यंत्रे अभियांत्रिकी महाविद्यालयांत व अभिकल्पाच्या, म्हणजे डिझाइनच्या, संस्थांत दिसू लागली आहेत. काही माध्यमिक शाळांतही ती पोहोचली आहेत. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये या विषयाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात एक लाख कुशल मनुष्यबळ घडविण्याचे उद्दिष्ट ठेवलेले आहे. अशा वेळी 'कुशल' या शब्दाचा अर्थ काय धरावयाचा, हा प्रश्न शिक्षणसंस्थांपुढे उभा राहतो. संगणकावरील आकृती यंत्रात घालून कळ दाबणे, हे काम चुणचुणीत मुलगा एका दुपारी शिकतो. तेवढ्यासाठी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची गरज नाही. मग विद्यापीठाने शिकवावयाचे ते कोणते?

यंत्र काय करते

प्रथम संगणकावर वस्तूची त्रिमितीय आकृती तयार करतात. या आकृतीचा पृष्ठभाग लहान लहान त्रिकोणांत विभागला जातो. त्यानंतर 'स्लायसर' नावाची आज्ञावली त्या आकृतीचे पातळ आडवे काप करते. प्रत्येक काप म्हणजे एक थर. थराची जाडी साधारणतः ०.२ मिलिमीटर ठेवली, तर दहा सेंटिमीटर उंचीच्या वस्तूला पाचशे थर लागतात. महाविद्यालयांत बहुधा आढळणाऱ्या यंत्रात प्लॅस्टिकची १.७५ मिलिमीटर जाडीची तार तापलेल्या नोझलमध्ये ढकलली जाते. नोझलचे छिद्र बहुधा ०.४ मिलिमीटरचे असते. पीएलए या प्लॅस्टिकसाठी तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. वितळलेले प्लॅस्टिक रेषेरेषेने पसरत एक थर पूर्ण होतो, मग त्यावर दुसरा. शेवया पाटावर घालाव्यात तसे हे काम चालते. फरक इतकाच की येथे प्रत्येक रेषा खालच्या रेषेला चिकटली पाहिजे.

दुसऱ्या एका रीतीत द्रवरूप रेझिनवर प्रकाश पाडून तेवढाच भाग घट्ट करतात. तिसऱ्या रीतीत प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या भुकटीचा पातळ थर पसरून त्यावर लेसर किरण फिरवितात. किरण जेथे पडेल तेथे भुकटी वितळून एकजीव होते. आंतरराष्ट्रीय मानकात अशा प्रक्रियांचे एकूण सात वर्ग केलेले आहेत. विद्यार्थ्याला ते सातही पाठ असावेत, पण त्यावर परीक्षेत टिपा लिहून घेण्यात फारसे हशील नाही. सर्व वर्गांत समान असलेली एक गोष्ट त्याच्या मनावर ठसली पाहिजे. नेहमीच्या कामात पोलाद किंवा ॲल्युमिनियम आधी तयार असते, त्याचे गुणधर्म कोष्टकात छापलेले असतात आणि नंतर त्याची वस्तू होते. येथे वस्तू आणि तिचे द्रव्य ही दोन्ही एकाच वेळी तयार होतात. नोझल थोडे थंड असले, तार दमट झाली, थर उतावळेपणाने घातले, तर वस्तू आकाराने हुबेहूब दिसेल, परंतु तिचे बळ कमी झालेले असेल. डोळ्यांना हा फरक दिसेलच असे नाही.

विद्यापीठांचा वाटा

या विद्येच्या इतिहासात विद्यापीठांचा वाटा मोठा आहे. प्रकाशाने रेझिन घट्ट करण्याची कल्पना जपानमधील नागोया येथील महापालिकेच्या औद्योगिक संशोधन संस्थेत हिदेओ कोदामा यांनी १९८० च्या सुमारास मांडली. अमेरिकेत चार्ल्स हल यांनी त्याच दिशेने काम करून १९८४ साली एकस्वासाठी, म्हणजे पेटंटसाठी, अर्ज केला. ते त्यांना १९८६ साली मिळाले. परंतु लेसरने भुकटी जोडण्याची रीत जन्मली ती टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील यांत्रिक अभियांत्रिकी विभागात. कार्ल डेकार्ड नावाच्या विद्यार्थ्याला पदवीचे शिक्षण घेत असताना ही कल्पना सुचली आणि प्राध्यापक जो बीमन यांच्या मार्गदर्शनाखाली पदव्युत्तर अभ्यासात त्याने ती सिद्ध करून दाखविली. पुढे याच विद्यापीठाने १९९० पासून या विषयावरील परिसंवाद भरविण्यास आरंभ केला.

इंग्लंडमधील बाथ विद्यापीठातील एड्रियन बोयर यांनी २००५ साली 'रेपरॅप' हा उपक्रम सुरू केला. आपलेच अनेक प्लॅस्टिकचे भाग स्वतः तयार करू शकेल असे यंत्र बनवावयाचे आणि त्याचे सर्व आराखडे जगाला मोफत द्यावयाचे, अशी ती कल्पना होती. वितळलेल्या तारेच्या रीतीचे मूळ एकस्व स्कॉट क्रम्प यांचे. त्याची मुदत २००९ मध्ये संपली. या दोन घटनांमुळे यंत्रांच्या किमती झपाट्याने उतरल्या. एके काळी संशोधन संस्थेलाच परवडणारे यंत्र आता महाविद्यालयाच्या किरकोळ खर्चाच्या तरतुदीतही बसू शकते. शिक्षणाच्या दृष्टीने ही मोठी सोय झाली आणि तिच्यातूनच एक अडचणही निर्माण झाली.

'छापून तर पाहू'

लेथवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला विचार केल्यावाचून हात घालता येत नाही. सळई कशी पकडावयाची, पाते कोणत्या बाजूने लावावयाचे, कोणता पृष्ठभाग आधी करावयाचा, हे ठरविल्याखेरीज यंत्र सुरूच होत नाही. नवे यंत्र मात्र यांतले काहीही विचारीत नाही. आकृती बरी असो वा वाईट, ते ती निमूटपणे रचू लागते. चूक कळते ती सहा तासांनी, कधी वस्तू वापरात मोडल्यावर. पुन्हा छापणे स्वस्त असल्याने विद्यार्थी विचार करण्याऐवजी पुन्हा छापतो.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला एक अनुभव या संदर्भात फार बोलका आहे. त्यांनी नवशिक्यांसाठी एका पानाचा तक्ता तयार केला. त्यात चित्रांच्या साहाय्याने आठ बाबी तपासावयाच्या होत्या. वस्तूचा आकार खरोखर इतका गुंतागुंतीचा आहे काय? ती कोणत्या कामासाठी आहे? तिचे कोणते भाग अधांतरी आहेत? आत अडकलेले आधार बाहेर काढता येतील काय? कोणत्या भिंती फार पातळ आहेत? कोणत्या कोपऱ्यात ताण एकवटेल? मापातील किती सूट चालेल? अशा स्वरूपाचे हे प्रश्न होते. प्रत्येकाला गुण द्यावयाचे आणि बेरीज पुरेशी झाली नाही, तर आकृती सुधारून आणावयाची. अनेक नवशिके वापर करीत असलेल्या एका मोठ्या छपाई केंद्रात हा तक्ता सक्तीचा केला. तक्त्यात नापास झालेली आकृती यंत्रावर घ्यावयाचीच नाही, असा नियम झाला. तेव्हा सदोष आकृत्यांचे प्रमाण ८१ टक्क्यांनी घटले.

तोच तक्ता वर्गातील विद्यार्थ्यांच्या हाती दिला, तेव्हा तक्ता वापरणारे आणि न वापरणारे यांच्या कामात काहीच फरक आढळला नाही. संशोधकांनी हा निष्कर्ष लपविला नाही, हे त्यांचे श्रेय. कारण त्यांनी असे दिले आहे की, वर्गात छपाईची किंमत विद्यार्थ्याला फारशी जाणवत नव्हती. त्यामुळे नीट विचार करण्याची निकडही त्याला वाटली नाही.

अभ्यासक्रम आखणाऱ्या मंडळींनी या निष्कर्षाचा गांभीर्याने विचार करण्याजोगा आहे. उत्तम पाठ्यपुस्तक, उत्तम तक्ता आणि उत्तम यंत्र ही तिन्ही असूनही विद्यार्थ्याच्या निर्णयाला काही वजन नसेल, तर शिक्षण घडत नाही. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक गटाला सत्राच्या आरंभी ठराविक वजनाचे प्लॅस्टिक आणि यंत्राचे ठराविक तास नेमून द्यावेत. मोडलेला नगही त्याच हिशेबात धरावा. तार संपली की संपली. वर्गात याची कुरकुर होते, परंतु तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विद्यार्थी कागदावर रेखाटने काढून एकमेकांशी वाद घालू लागतात. शिक्षकाला हवे असते ते हेच.

याउलट, यंत्राला हात लावण्याची मुभाच नसेल, तर वरील सर्व चर्चा व्यर्थ होय. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात २०१२ साली प्राध्यापक ख्रिस्तोफर विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेने अशी यंत्रे एका मोठ्या कपाटात बसवून विद्यार्थ्यांसाठी खुली ठेवली. नाणे टाकून वस्तू घेण्याच्या यंत्रासारखी त्याची रचना होती. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने आपली आकृती आणावी, घालावी आणि वस्तू न्यावी. आधी असा मोकळा परिचय आणि मग हिशेबी काम, हा क्रम योग्य म्हणता येईल.

एका खुंटीचा पाठ

पहिल्या प्रात्यक्षिकासाठी भिंतीवर लावावयाची खुंटी हा चांगला नमुना आहे. भिंतीला टेकणारी एक चौकोनी पट्टी आणि तिच्यातून पुढे आलेला एक दांडा, एवढाच तिचा आकार. नवखा विद्यार्थी ही खुंटी यंत्रावर ठेवतो ती पट्टी खाली व दांडा उभा, अशी. ती तशीच स्थिर दिसते आणि छपाईही नीट होते. आता ती भिंतीला बसवून दांड्याला बादली अडकवावी आणि बादलीत तांब्याने मोजून पाणी ओतीत जावे. काही वेळाने दांडा मुळाशीच कट्कन मोडतो. मोडलेला भाग पाहिला तर तो सपाट असतो, जणू थरांचा खडक फोडला आहे. कारण दांडा उभा रचल्यामुळे त्याचे सर्व थर लांबीच्या आडवे पडलेले असतात. वजनाने दांडा वाकू लागला की वरच्या बाजूचे थर एकमेकांपासून ओढले जातात आणि दोन थरांमधील जोड हीच या वस्तूतील सर्वांत दुबळी जागा असते.

दुसऱ्या वेळी हीच खुंटी कुशीवर आडवी ठेवून छापतात. आता प्लॅस्टिकच्या रेषा पट्टीतून वळून दांड्यात लांबीच्या दिशेने जातात. तेच यंत्र, तेवढेच प्लॅस्टिक, तोच आकार. परंतु आता बादली बरीच अधिक भरेपर्यंत खुंटी टिकते आणि मोडते तीही चिरफाळत, तुसे काढीत.

सुताराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कुऱ्हाडीचा दांडा तो लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच काढतो. ज्या विद्यार्थ्यांच्या घरी सुतारकाम किंवा शेतीची अवजारे आहेत, त्यांना हा पाठ लवकर कळतो, आणि शिक्षकाने ही ओळख मुद्दाम उपयोगात आणावी. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी शिकविली जाणारी बहुतेक उदाहरणे द्रव्याचे बळ सर्व दिशांना सारखे आहे असे गृहीत धरतात. तो समज येथे बादलीभर पाण्याने दूर होतो. यासाठी महागड्या परीक्षणयंत्राची आवश्यकता नाही. ते असल्यास उत्तमच, कारण मग प्रत्येक गटाचे आकडे मांडून त्यांतील तफावत शिकविता येते.

त्यानंतरचे पाठ मापाचे. आकृतीत दहा मिलिमीटरचे दिलेले भोक प्रत्यक्षात बहुधा किंचित लहान येते. दहा मिलिमीटरची खुंटी त्यात बसत नाही. विद्यार्थ्याने व्हर्निअर कॅलिपरने माप घ्यावे, ०.१ पासून ०.५ मिलिमीटरपर्यंत निरनिराळी फट ठेवून भोकांची एक पट्टी छापावी आणि आपल्या यंत्राला कोणती फट मानवते ते शोधून नोंदवावे. शेजारच्या यंत्राचे उत्तर वेगळे येईल. उभ्या रेषेपासून ४५ अंशांहून अधिक कललेला भाग आधाराशिवाय रचता येत नाही, असा ढोबळ नियम पुस्तकांत असतो. तोही असाच पडताळून पाहावा.

खर्चाचा हिशेब हा पाठ मात्र बहुधा वगळला जातो आणि तो वगळू नये. समजा, एका प्लॅस्टिकच्या झाकणाचा साचा करण्यास दोन लाख रुपये लागतात आणि साच्यातून निघणारा प्रत्येक नग पाच रुपयांना पडतो. तेच झाकण थराने छापल्यास साचा लागत नाही, परंतु प्रत्येक नगाला १०५ रुपये पडतात. प्रत्येक नगामागे शंभर रुपयांचा फरक आहे. म्हणजे दोन हजार नगांना दोन्ही खर्च सारखे होतात. त्याहून कमी नग हवे असतील तर छपाई स्वस्त, अधिक हवे असतील तर साचा. आकडे कल्पित असले तरी रीत खरी आहे. पन्नास नगांचे काम आणि पन्नास हजार नगांचे काम यांत वेगळा निर्णय घेता येणे, हे या विषयातील कौशल्याचे लक्षण होय.

दोन शाखा, एक बाक

अभियांत्रिकीचा विद्यार्थी हिशेब चांगला करतो, परंतु त्याच्या डोळ्यांसमोर लेथ व मिलिंगचे आकार असतात. त्याने काढलेली आकृती बहुधा ठोकळा, नळी व भोके यांचीच असते. तीच आकृती थराने छापून त्याला या विद्येचा काहीच लाभ मिळत नाही. अभिकल्पाचा विद्यार्थी मोकळे, वळणदार आकार सहज रेखाटतो, वस्तू कोणाच्या हाती जाणार, ती कशी धरली जाणार याचा विचार करतो. परंतु भार किती, तो कोठून येणार, हे विचारण्याची सवय त्याला नसते. एकाला संधी दिसत नाहीत, दुसऱ्याला मर्यादा दिसत नाहीत. म्हणून हा विषय दोन विभागांत दोनदा शिकविण्यापेक्षा दोन्ही शाखांच्या मिश्र गटांना एकत्र शिकविणे अधिक फलदायी ठरते. वेळापत्रके जुळविणे त्रासाचे असते आणि गुण कोणत्या विभागाने द्यावयाचे यावर मतभेद होतात. परंतु हे अडथळे प्रशासकीय आहेत व ते प्रशासनानेच दूर करावयाचे आहेत.

आपल्या राज्यात अशा एकत्र कामाची परंपरा नाही असे नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ पासून आहे. अभियंत्यांच्या परिसरात अभिकल्पक घडविण्याचा तो प्रारंभीचा प्रयत्न होय. याच संस्थेत २०१४ साली राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांच्या नवनिर्मितीचे केंद्र उभे राहिले. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था यांनाही त्यात सहभागी करून घेण्यात आले. तेथे डॉक्टर, अभियंते आणि अभिकल्पक एकाच उपकरणावर एकत्र काम करतात. वैद्यकीय उपकरण हे या शिक्षणासाठी फार समर्पक क्षेत्र आहे. प्रत्येक रुग्णाचे हाड निराळे, त्यामुळे साचा करून हजारो नग काढण्याचा प्रश्नच येत नाही. सीटी स्कॅनच्या माहितीवरून हाडाची प्रतिकृती छापून शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेची आधी तयारी करू शकतो. येथे चूक झाली तर ती केवळ गुणपत्रिकेत राहत नाही, याची जाणीव विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून असते.

अभिकल्पाचा अर्थ केवळ वस्तूचा आकार असाही नव्हे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्राध्यापक जॉन हार्ट यांच्या अभ्यासक्रमात २०१४ साली एका गटाने आइस्क्रीम छापणारे यंत्र तयार केले. बाजारात मिळणारे स्वस्त थ्रीडी प्रिंटर त्यांनी शीतपेटीत बसविले, त्याला मऊ आइस्क्रीमचे यंत्र जोडले आणि बाहेर पडणारा थर वितळण्यापूर्वी गोठावा म्हणून द्रवरूप नायट्रोजनचा वापर केला. कल्पना गमतीची वाटते. तथापि या प्रयत्नात विद्यार्थ्यांना द्रव्याचा प्रवाह, उष्णतेचे वहन आणि थर घट्ट होण्याचा वेग या तिन्ही गोष्टी स्वतः जुळवाव्या लागल्या. प्लॅस्टिकच्या तयार यंत्रात त्या कारखान्याने आधीच जुळवून दिलेल्या असतात व म्हणून विद्यार्थ्याला त्या कधी दिसतच नाहीत.

धातूचे इंजिन

उच्च वर्गांसाठी आपल्या देशातील एक उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. भारतीय अवकाश संशोधन संघटनेने ९ मे २०२४ रोजी पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यातील पीएस-४ हे इंजिन नव्या रीतीने तयार करून त्याची ६६५ सेकंदांची चाचणी यशस्वी केली. धातूच्या भुकटीवर लेसर फिरवून ते बनविले होते. पूर्वी १४ निरनिराळे भाग करून ते जोडले जात. आता ते एकसंध झाले आणि वेल्डिंगचे १९ जोड वाचले. पूर्वी एका इंजिनासाठी ५६५ किलोग्रॅम धातू लागत असे, त्याऐवजी १३.७ किलोग्रॅम भुकटी पुरली. उत्पादनाच्या एकूण कालावधीत ६० टक्के बचत झाली.

हे आकडे वाचून विद्यार्थी भारावून जातात. शिक्षकाने तेथेच थांबू नये. ५६५ किलोग्रॅमपैकी बहुतेक धातू कोठे जात होता? तासून काढलेल्या चुऱ्यात. १९ जोड वाचल्याचा खरा लाभ कोणता? प्रत्येक जोड तपासावा लागतो आणि तो निकामी होण्याची शक्यता असते. ती १९ ठिकाणे नाहीशी झाली. मग प्रत्येक पंपाचा आणि नळाचा भाग असाच करावा काय? येथे वर्ग गप्प होतो. इंजिनासारखी वस्तू थोड्या संख्येने लागते, तिचे वजन कमी करण्याला मोठी किंमत आहे आणि तिच्या आतील मार्ग गुंतागुंतीचे आहेत. या तीन अटी ज्या वस्तूला लागू पडत नाहीत, तिच्यासाठी जुनी रीतच बहुधा बरी. शिवाय यंत्रातून निघालेला धातूचा भाग तसाच वापरता येत नाही. त्यातील अंतर्गत ताण घालविण्यासाठी उष्णतेचे संस्कार, आधार कापणे, आत अडकलेली भुकटी काढणे, आवश्यक तेथे पृष्ठभाग तासणे आणि अखेरची तपासणी, एवढे सर्व नंतर करावे लागते. जुन्या कार्यशाळेची गरज या यंत्राने संपत नाही. फिटिंग व लेथचे तास कमी करून त्या जागी ही यंत्रे बसविण्याचा मोह काही ठिकाणी होतो. तो टाळणे इष्ट.

प्रयोगशाळेची व्यवस्था

यंत्राच्या खरेदीला मंजुरी देताना अधिकाऱ्यांनी लक्षात घ्यावयाच्या काही बाबी आहेत. यंत्राची किंमत ही आरंभीची बाब झाली. दरवर्षी लागणारे द्रव्य, झिजणारी नोझल, तुटणारे पट्टे यांची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे दाखविलेली नसेल, तर यंत्र पहिल्या बिघाडानंतर आच्छादन घालून ठेवले जाते. प्रशिक्षित तंत्रसहायक असणे आवश्यक आहे. दमट हवेत काही प्लॅस्टिकच्या तारा ओलावा शोषून खराब होतात, म्हणून कोकणपट्टीतील महाविद्यालयांनी पावसाळ्यात त्या बंद डब्यात शोषक गोळ्यांसह ठेवाव्यात.

सुरक्षिततेकडे दुर्लक्ष होते, कारण यंत्र लहान व निरुपद्रवी दिसते. प्लॅस्टिक तापताना निघणारे सूक्ष्म कण व वायू श्वासातून आत जाऊ नयेत यासाठी खोलीत हवा खेळती पाहिजे. बंद वातानुकूलित खोली ही या यंत्राची योग्य जागा नव्हे. घट्ट न झालेले रेझिन त्वचेला लागल्यास ॲलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे घालूनच ते हाताळावे आणि उरलेले गटारात ओतू नये. ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमची बारीक भुकटी हवेत उडाल्यास पेट घेऊ शकते. धातूचे यंत्र त्यामुळे प्रत्येक महाविद्यालयात असण्याची गरज नाही आणि ते इष्टही नाही. विद्यापीठाने एखाद्या ठिकाणी ते सुसज्जपणे ठेवावे व इतर महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना तेथे आणण्याची सोय करावी.

भाषेचा प्रश्नही येथे थोडक्यात नमूद करावयास हवा. ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्याला आकृती कळते, पण यंत्राच्या पडद्यावरील इंग्रजी शब्दांनी तो बिचकतो. थर, आधार, पोकळी, भराव, फट हे शब्द त्याच्या ओळखीचे आहेत. शिक्षकाने पहिले चार आठवडे तरी ते वापरावेत आणि इंग्रजी संज्ञा त्यांच्यासोबत हळूहळू आणाव्यात.

शाळा, गाव आणि महाविद्यालय

मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेत १९९८ साली प्राध्यापक नील गेर्शेनफेल्ड यांनी संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडविण्याचा एक अभ्यासक्रम सुरू केला. तो दहा-एक संशोधक विद्यार्थ्यांसाठी होता. प्रवेशासाठी शंभराच्या आसपास विद्यार्थी आले आणि त्यांत तांत्रिक पार्श्वभूमी नसलेलेही पुष्कळ होते. या अनुभवातून 'फॅब लॅब' ही सार्वजनिक कार्यशाळेची कल्पना निघाली. अमेरिकेबाहेर अशा ज्या अगदी आरंभीच्या कार्यशाळा उभ्या राहिल्या, त्यांपैकी एक २००२ साली पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रमात झाली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत हाताने काम करीत शिकण्याची पद्धत आधीपासूनच रुजलेली होती. नवी यंत्रे आली ती त्या पद्धतीच्या सोबतीला.

२०१६ पासून अटल नवोन्मेष अभियानाखाली शाळांना सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा उभारण्यास प्रत्येकी वीस लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू लागले. देशात अशा दहा हजार कार्यशाळा झाल्या असून पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी पन्नास हजार उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात करण्यात आली. या कार्यशाळांच्या साहित्यात थ्रीडी प्रिंटर असतो. म्हणजे यापुढे विद्यापीठात येणाऱ्या अनेक मुलांनी हे यंत्र आधी पाहिलेले असेल. त्यांना पहिल्या वर्षी पुन्हा कळ दाबण्याचा पाठ देण्याचे कारण उरणार नाही.

शाळेतील यंत्र बंद पडले तर गावात ते दुरुस्त करणारा कोणी नसतो. ज्या तालुक्यात अभियांत्रिकी किंवा तंत्रनिकेतन महाविद्यालय आहे, तेथे मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीने प्राचार्यांकडे तशी विनंती करावी. अडकलेले नोझल काढणे, वाकलेला पाट समतल करणे, मोडलेला भाग नव्याने आखून छापणे ही कामे तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून सत्रकार्य म्हणून करून घेता येतात. अशा दुरुस्तीची नोंदवही महाविद्यालयाने ठेवावी आणि काय मोडले, कोणत्या थराशी मोडले व आकृतीत काय बदलले हे तीन रकाने त्यात असावेत. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला विद्यार्थ्याने नवा, चकचकीत नमुना आणण्याऐवजी ही वही आणि तिच्यासोबत मोडलेले तुकडे आणले, तर परीक्षकाला विचारण्यासारखे पुष्कळ मिळते.